चाळीसगावात छोट्या वायनरींच्या वाईनचं दुकान आणि चाखायची बैठक – जाणकारांनी सल्ला द्यावा

गिरणाकाठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळची चाळीसगावची. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये सात वर्षं नोकरी केली. गेल्या वर्षी अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आईला एकटीला जमेना, म्हणून पाडव्याच्या सुमारास गावी परत आले. आता इथंच राहायचं आहे आणि हातात जे काम आहे तेच करायचं आहे. छोट्या वायनरींच्या बाटल्या ठेवणारं, त्यातली रोज पाच-सहा प्रकारची वाईन ग्लासने चाखायला देणारं, वीस-बावीस खुर्च्यांचं एक ठिकाण. मोठ्या ब्रँडबद्दल राग नाही, पण त्यांना माझी गरज नाही. निफाडकडे, दिंडोरीकडे, इगतपुरीकडे पाच-दहा एकरांवर मन लावून वाईन करणारी माणसं आहेत, त्यांची बाटली मनमाडच्या अलीकडे येतच नाही.

आपल्याकडे 'वाईन शॉप' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. जाळीची खिडकी, आत व्हिस्की, रम, बिअर, आणि बाहेर उभं राहून घाईघाईने पैसे देणारे पुरुष. वाईन मागितली की आतला मुलगा स्टुलावर चढतो आणि वरच्या फळीवरून धुळीची बाटली काढतो.

मागच्या जूनमध्ये आई-अण्णांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. नाशिकला जायला वेळ नव्हता म्हणून गावातल्याच एका दुकानातून व्हाईट वाईन आणली. घरी आल्यावर गळ्याला हात लावला तर चिकट. वरचं वेष्टण काढलं तर बूच दोन-तीन मिलिमीटर वर उचललेलं आणि कडेने पाझरलेली वाईन वाळून डाग पडलेला. ग्लासात ओतली तर रंग जुन्या मधासारखा. ही वाईन फिकट पोपटी-पिवळी असायला हवी होती. चव उकडलेल्या सफरचंदाची. बाटली पश्चिमेच्या उन्हात अख्खा चैत्र-वैशाख उभी होती, दुसरं काही नाही. ती ज्याने बनवली त्याने काढणीच्या दिवसांत पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात घड तोडले असतील, थंड असतानाच प्रेसमध्ये घातले असतील. मी ते काम जवळून पाहिलंय. त्या माणसाच्या मेहनतीचं आपल्या फळीवर हे व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. दुकानाचा विचार तिथून पक्का झाला.

जागेचं सांगते. बाजारापासून थोडं आत आमच्या आजोबांचं धाब्याचं घर आहे. भिंती दोन-अडीच फूट रुंदीच्या, मातीच्या. मागच्या खोलीत भिंतीला लागून बळद आहे, पूर्वी ज्वारी-बाजरी भरायचे ते. लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं त्याच खोलीत झोपायचो. मला वाटलं होतं, हेच आपलं तळघर. अण्णा एसटीत कंडक्टर होते, नोंद ठेवायची सवय अजून आहे. त्यांनी गेल्या मे महिन्यात रोज दुपारी तीन वाजता दोन थर्मामीटर बघून वहीत लिहिलं. अंगणात 43, 44, एक दिवस 45. बळदात 31 ते 33, आणि पहाटेही 29 च्या खाली नाही. माणसाला ते गार वाटतं. वाईनला नाही, तिला 12 ते 15 अंश हवेत, आणि मुख्य म्हणजे रोज तेवढेच हवेत.

तर मला विचारायचं आहे ते असं. दुकान आणि बैठक एकाच परवान्यात बसते का? नाशिकला वायनरीच्या आवारात चाखायला देतात, बाटलीही विकतात, म्हणून मी तसंच गृहीत धरलं होतं, पण इथे एकाने सांगितलं की ते वेगळं. उन्हाळ्यात आणि वीज गेल्यावर माल कसा सांभाळायचा, हे कोणी आपल्या भागात करून पाहिलंय का? आणि सगळ्यात अवघड, शेजारपाजार. आमच्या गल्लीत हरिपाठ होतो, आईचं भिशी मंडळ आहे. मला असं ठिकाण हवंय जिथे नवरा-बायको येऊन बसतील, दोन मैत्रिणी येतील, आणि कोणाला तोंड लपवून बसावं लागणार नाही. हे चाळीसगावात होईल का? स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही.

---

धुळे हायवे

ताई, मी धुळ्याला बावीस वर्षं परमिट रूम चालवतोय. अनुभवाचं सांगतो.

पहिली गोष्ट, तुमची गफलत वायनरीमुळे झाली. वायनरीला तिच्या आवारात चाखायला द्यायची आणि विकायची मुभा असते, ती उत्पादकाची सवलत आहे. बाहेर तसं नसतं. सीलबंद बाटली विकायचा परवाना वेगळा आणि बसवून प्यायला द्यायचा वेगळा. दुकानाच्या काउंटरवर बूच उघडलं तर परवाना गेला समजा. लोक ज्याला वाईन शॉप म्हणतात तो एफएल-टू. त्याचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून बंद आहेत, जुने हातोहात फिरतात आणि भाव आपल्यासारख्याच्या आवाक्याबाहेर आहे. त्याच्या नादी लागू नका. बिअर शॉपीच्या परवान्यात बिअर आणि वाईन सीलबंद विकता येते. आणि नुसती वाईन-बिअर ग्लासने द्यायचा परवानाही असतो, परमिट रूमपेक्षा त्याची फी कमी. जळगावला राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात स्वतः जा, एजंट नको. दोन्ही परवाने काढायचे असतील तर दोन्हींचा नकाशा वेगळा, दार वेगळं, साठ्याची वही वेगळी, हे धरूनच घराची आखणी करा.

शाळा, देऊळ, मशीद यांपासूनचं अंतर आधी टेपने मोजून घ्या. गल्लीत हरिपाठ होतो म्हणता, तो घरात होतो की मंदिरात, हा प्रश्न कागदावर फार मोठा आहे.

अंतराचं मी बोलतो कारण मी ते भोगलंय. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. 1 एप्रिल 2017 ला माझं शटर खाली आलं. अकरा कामगार होते. पुढे जुलैमध्ये न्यायालयाने महापालिका-नगरपालिका हद्दीबद्दल खुलासा केला, तोवर माझे दोन जुने वेटर सुरतेला निघून गेले होते, ते परत आले नाहीत. म्हणून सांगतो, जागा घरची असली तरी पैसा ओतायच्या आधी मोजणी.

नोकर ठेवाल त्याचा नोकरनामा, म्हणजे त्याच्या नावाची सरकारी परवानगी लागते. माल येईल तो वाहतूक पासावर, म्हणजे टीपीवर येईल, रोजच्या रोज वहीत चढवायचा. आणि गिऱ्हाइकाकडे पिण्याचा परवाना हवा. एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, आजीवन हजारात मिळतो. आमच्या धंद्यात बरेच जण याकडे दुर्लक्ष करतात. तुम्ही करू नका. बाईमाणसाने नवं काही सुरू केलं की तपासणीवाले आणि गावातले दोघेही चूक शोधतात.

---

बागलाणचा द्राक्षवाला

बहीण, तुमचं ते पहाटे चारच्या बॅटरीचं वाचून थांबलो. मी सटाणा तालुक्यातला. 2006 साली दोन एकर शेनिन ब्लां लावली होती, वाईनची जात.

तेव्हा वातावरणच वेगळं होतं. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क निघालं, सगळीकडे करार व्हायला लागले. टेबल द्राक्षापेक्षा काम निराळं. घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, पाण्यात बुडवायचे नाहीत, मणी फुगवायचा नाही. उलट मणी बारीक, साल जाड, आत बी. एकरी पाच-सहा टनांवर माल रोखून धरायचा, म्हणजे चव दाटते. माझे वडील रोज बागेत जाऊन म्हणायचे, एवढे घड काढून का टाकतोस. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता फळछाटणी तीच, पण मन वेगळं ठेवावं लागतं. गोडी 22-23 ब्रिक्सला आली की वायनरीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे गोडी मोजायचं यंत्र, घेऊन यायचा आणि त्याच रात्री तोडा.

2008 च्या मंदीनंतर माझ्या करारातल्या वायनरीने माल उचलणं बंद केलं. एक हंगाम झाडावर मनुका झाला. दुसऱ्या हंगामानंतर मी बाग तोडली. चार वर्षांची वेल कुऱ्हाडीने तोडताना आतून लालसर निघते. अजून डोळ्यापुढे आहे. आता तिथे डाळिंब आहे.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. तुम्ही छोट्या वायनरीचा माल ठेवणार, तर ती छोटी का राहते ते माहीत असावं. वाईन बनवणं तिला जमतं. अडतं पुढे. प्रत्येक लेबलची नोंदणी, तिची दरवर्षी फी. होलसेलरला दहा पेट्यांत रस नसतो. दुकानदार स्कीम मागतो, एकावर एक, आणि पैसे चार महिन्यांनी देतो. मोठ्यांना हे झेपतं. राज्याने वाईनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत द्यायची योजना केली आहे, पण परतावा येईपर्यंत छोट्याचा हात रिकामाच. तुम्ही दोन पेट्या घ्या, पण पैसे वेळेवर द्या. अशा गिऱ्हाइकाला वायनरीवाला त्याची सगळ्यात चांगली बाटली काढून देतो.

माझं ऐकाल तर निफाडच्या रेव्हेलोकडे जा. त्यांनी ग्रिलो आणि नेरो दाव्होला लावलेत, सिसिलीचे वाण. सिसिली हे इटलीचं उन्हाचं बेट. उन्हाची सवय असलेली वेल आपल्याकडे आणली, हा विचारच मला शेतकरी म्हणून पटला.

---

तापीमाय

मी यावल तालुक्यातली. विरोधात लिहिते आहे, राग मानू नका.

आमच्या गावात आम्ही बायकांनी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठी, मतदान घडवून आणलं. ते सोपं नसतं. झालेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत, यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीवर पडावी लागतात. सुरतेला, पुण्याला नांदायला गेलेल्या लेकींची नावंही यादीत होती. त्यांना फोन करून करून, भाड्याचे पैसे गोळा करून आणलं. माझी मोठी जाऊ नवऱ्याचा मार खाऊन सुजलेल्या हाताने शिक्का मारायला आली होती. दुकान बंद झालं.

तुम्ही शिकलेल्या आहात, वाईन वेगळी, चाखायची वेगळी, हे तुम्हाला माहीत आहे. गावाला ते माहीत नाही, आणि 'वाईन म्हणजे दारू नव्हेच, द्राक्षाचा रस' असं सांगून विकणारेही पाहिलेत. 2022 साली किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा हेच ऐकवलं जात होतं. तर माझे दोन प्रश्न. तुमच्याकडे चौथा ग्लास मागणाऱ्याला तुम्ही काय सांगणार? आणि तो घरी गेल्यावर त्याच्या बायकोचं काय?

---

अमळनेरचा आचारी

बहीन, तुन्ही बात माले पटनी. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

मी लग्नकार्याचा स्वयंपाक करतो. नाशिकच्या एका कार्यक्रमात वायनरीच्या लोकांसाठी खान्देशी जेवण केलं होतं, तेव्हा त्यांनी आमच्या पानाबरोबर वाईन लावली. त्यातलं लक्षात राहिलेलं सांगतो. भरिताची वांगी आम्ही पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतो, त्याचा धूर, हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर. त्याला सोव्हिन्यों ब्लां जमली, कारण तिलाही तसाच हिरवा, ओल्या गवताचा वास. शेवभाजीला किंचित गोड शेनिन. तिखटावर तुरट रेड दिली तर तोंड जळतं, हे मी स्वतः चाखून बघितलं. काळ्या मसाल्याच्या मटणावर मात्र शिराझ ही रेड, तिच्यात मिऱ्याचा ठसका असतो.

एक विनंती. चीज आणि ऑलिव्हच्या मागे लागू नका. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी चतकोर करून, वर ठेचा, बाजूला भरीत, एवढी ताटली द्या. मंगळवार, गुरुवार, श्रावण लक्षात ठेवा, शाकाहारी पान आधी बसवा. भाकऱ्या रोज थापायला तुमच्या गल्लीतल्याच दोन बाया कामाला घ्या.

---

गिरणाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस उत्तरं परत परत वाचली.

धुळ्याच्या दादा, काल अण्णा आणि मी टेप घेऊन निघालो. हरिपाठ होतो ते घर आहे, पण कोपऱ्यावर मारुतीचं छोटं देऊळ आहे आणि ते फार जवळ पडतं. म्हणजे आजोबांच्या घरात बैठक होणार नाही. रात्री झोप लागली नाही, खरं सांगते. बळदाशेजारी पाच टेबलं मांडलेली मी मनात वर्षभर बघत होते. सकाळी आईच म्हणाली, घर कुठे जातंय, त्यात माझं लोणचं राहील. आता भडगाव रोडकडे एक गाळा बघितला आहे, उत्तराभिमुख, वर दोन मजले, म्हणजे छताचं ऊन लागणार नाही. त्याची मोजणी करून घेईन आणि मगच जळगावला जाईन. आधी ग्लासने द्यायचा परवाना, बाटलीविक्रीचं नंतर बघू. नोकरनाम्याचं आणि गिऱ्हाइकाच्या परवान्याचं तुम्ही म्हणता तसंच करीन. माझा स्वतःचा आजीवन परवाना आहे.

बागलाणच्या दादा, तुमच्या वेलीचं वाचून मी आईला वाचून दाखवलं. दोन पेट्या आणि पंधरा दिवसांत पैसे, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. रेव्हेलोचं ग्रिलो मी चाखलेलं आहे. दुपारच्या उन्हातून आलेल्या माणसाला पहिला ग्लास तोच द्यायचा, हे ठरलं.

तापीमाय ताई, राग कशाला मानू? तुमच्या प्रश्नांची उत्तरं नीट देते.

वाईन ही दारूच आहे. मी कोणालाही रस म्हणून सांगणार नाही. 150 मिलीच्या एका ग्लासात 13 टक्क्यांनी साडेएकोणीस मिली अल्कोहोल असतं. 30 मिलीच्या व्हिस्कीच्या छोट्या पेगमध्ये साधारण तेरा मिली. म्हणजे ग्लासभर वाईन छोट्या पेगपेक्षा जड आहे, हे बरेच शिकलेले लोकही विसरतात. मी हा हिशोब भिंतीवर लिहून लावणार आहे. चाखायला 60 मिली देतात, तेवढंच माझं माप राहील. पाच प्रकार चाखले तर दोन ग्लास होतात, तिथे एका माणसाचं थांबेल. त्याच्यापुढे देणार नाही, ओळखीचा असो की पुढारी असो. पंचविशीच्या आतल्या कोणालाही देणार नाही. आणि रात्री साडेनवाला बंद. यात धंदा कमी होईल, हे मला समजतं. टेस्टिंग रूममध्ये असताना मी एकदा एका माणसाला नाही म्हणायला कचरले होते. त्याच्याबरोबर आलेली बाई सबंध वेळ गाडीची किल्ली मुठीत धरून बसली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. ते मी विसरलेले नाही. त्याच्या बायकोचं काय, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माझ्या दारातून कोणी झिंगून बाहेर पडणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. तुम्ही कधी चाळीसगावला आलात तर या, ग्लास घेऊ नका, बसून बघा आणि खटकलं तर तोंडावर सांगा.

आचारीदादा, ताटलीचं एकदम पटलं. आईने काल कळण्याच्या पिठाचा हिशोब मांडायला घेतलाच आहे. ती स्वतः पीत नाही आणि पिणारही नाही. पण परवा मी शिराझचा ग्लास तिच्यापुढे धरला आणि नुसता वास घ्यायला सांगितला. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आषाढात जांभळाच्या झाडाखाली सडा पडतो ना, तसा." सात वर्षांत पाहुण्यांना शिराझ समजावताना मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. ताटलीशेजारच्या पाटीवर तिचंच वाक्य लिहीन.

उन्हाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच करून बघते आहे. गेल्या आठवड्यात एकाच वायनरीची, एकाच बॅचची शेनिन ब्लां आणली, तीन बाटल्या, स्क्रूकॅपच्या. एक घरातल्या पत्र्याच्या कपाटात ठेवली. एक बळदात, आडवी, ओल्या गोणपाटाखाली. एक छोट्या वाईन कूलरमध्ये, 14 अंशांवर, इन्व्हर्टर जोडून. वीज गेली की किती वेळात आतलं तापमान किती चढतं, तेही अण्णा लिहितात. पहिल्या दिवशी तीन तास वीज नव्हती, इन्व्हर्टर मुद्दाम बंद ठेवला, तर 14 चं 19 झालं. म्हणजे इन्व्हर्टर मोठा लागणार, आणि गाळ्याची मागची खोली थर्माकोलने बंद करून तिला वेगळा एसी.

तिन्ही बाटल्यांच्या गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे, ठेवल्याची तारीख आणि जागा. मृगाचा पहिला पाऊस झाला की तिन्ही एकदम उघडेन आणि काय निघालं ते इथेच लिहीन.